कुत्रीची आभासी गर्भावस्था : दयेला ज्ञानाची जोड



घरी कुत्री पाळणाऱ्या अनेक कुटुंबांना एक विलक्षण अनुभव येतो. माज येऊन गेल्याला दीड-दोन महिने झालेले असतात. नराशी तिचा संबंध आलेला नाही, हे घरातील सर्वांना ठाऊक असते. तरीही एके दिवशी ती बेचैन होते. पलंगाखालची जागा पंजांनी उकरू लागते, जुनी चादर ओढून नेते, मुलांचे कापडी अस्वल किंवा एखादा पायमोजा तोंडात धरून तेथे ठेवते आणि त्याला कुशीत घेऊन बसते. जवळ कोणी गेले तर गुरगुरते. अन्नावरची तिची वासना उडते. पोट किंचित सुटल्यासारखे दिसते, स्तन भरून येतात आणि सडाला स्पर्श झाला तर दुधाचा थेंब दिसतो. पिल्लू मात्र एकही नसते.

हे दृश्य पाहून घरातल्यांचे मन हेलावते. कोणी म्हणते, बिचारीला आई व्हायचे होते, तिची इच्छा अपुरी राहिली. कोणी म्हणते, तिच्या डोक्यावर परिणाम झाला. कोणी गरम पाण्याचा शेक सुचवते, कोणी बाळंतिणीचा खुराक देऊ लागते, तर कोणी ‘एकदा पिल्ले होऊ द्या, म्हणजे कायमचे शांत होईल’ असा सल्ला देते. या सर्वांमागे दयाच असते. परंतु यांतील बहुतेक उपायांनी कुत्रीचा त्रास लांबतो आणि काही उपाय तर तिच्या जिवावर बेतू शकतात. ज्ञानाशिवाय दया अपुरी, ही शिकवण या समाजाला नवी नाही. म्हणूनच या अवस्थेचे मूळ काय, तिच्यात काय करावे आणि मुख्य म्हणजे काय करू नये, याचा विचार येथे केला आहे.

हे शरीराचे पंचांग आहे

पशुवैद्यकशास्त्रात या अवस्थेला आभासी गर्भावस्था म्हणतात. स्त्रियांमध्येही क्वचित असा प्रकार आढळतो. इंग्लंडची राणी पहिली मेरी १५५४-५५ मध्ये स्वतःला गर्भवती समजत होती. राजवाड्यात प्रसूतीची सारी सिद्धता झाली, पण मूल जन्मले नाही. स्त्रियांमधील हा प्रकार दुर्मीळ असून त्यात मनाचा वाटा मोठा मानला जातो. कुत्रीचे तसे नाही. तिच्या बाबतीत ही अवस्था तिच्या शरीराच्या नेहमीच्या व्यवहारातूनच उद्भवते.

कुत्री साधारणतः सहा-सात महिन्यांनी माजावर येते. माजाच्या काळात अंडाशयातून अंडी सुटतात आणि ज्या जागेवरून ती सुटली तेथे पीतपिंड तयार होतात. हे पीतपिंड प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक निर्माण करतात. गर्भ धरून ठेवण्याचे आणि स्तनांची वाढ करण्याचे काम या संप्रेरकाचे असते. गाय, म्हैस किंवा मानवी स्त्री यांच्यात गर्भ राहिला नाही तर पीतपिंड थोड्याच दिवसांत विरून जातो. कुत्रीच्या शरीरात मात्र गर्भ राहिला काय आणि न राहिला काय, पीतपिंड सुमारे दोन महिने टिकून राहतात. म्हणजे गाभण कुत्री आणि रिकामी कुत्री यांच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन या काळात जवळजवळ सारखेच असते. या दृष्टीने पाहिले तर अंडी सुटलेली प्रत्येक कुत्री प्रत्येक माजानंतर शरीराने आभासी गर्भावस्थेतून जातच असते. बहुतेकींमध्ये ती बाहेर दिसत नाही, काहींमध्ये ठळकपणे दिसते, इतकाच फरक.

दोन महिन्यांच्या अखेरीस प्रोजेस्टेरॉन उतरू लागते. ते उतरले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे दुसरे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते. पान्हा आणणारे आणि वात्सल्याचे वर्तन जागे करणारे संप्रेरक ते हेच. कुत्रीचा गर्भकाळ अंडी सुटल्यापासून सुमारे ६३ दिवसांचा असतो. त्यामुळे खरी वीण ज्या सुमारास झाली असती, नेमक्या त्याच सुमारास ही लक्षणे दिसतात. सामान्यतः माजानंतर सहा ते आठ आठवड्यांनी ती सुरू होतात. काही कुत्र्यांमध्ये थोडी आधी किंवा नंतरही होतात.

निसर्गाने अशी योजना का केली असावी, याविषयी एक पटण्याजोगे अनुमान मांडले जाते. कुत्र्याचा पूर्वज लांडगा हा कळपात राहणारा प्राणी. कळपात सहसा एकच जोडी पिल्लांना जन्म देते आणि बाकीचे सदस्य त्यांच्या संगोपनाला हातभार लावतात. न व्यालेल्या माद्यांनाही त्याच सुमारास पान्हा फुटला, तर आईवाचून राहिलेल्या पिल्लांनाही दूध मिळू शकते. आजही आभासी गर्भावस्थेतील एखादी कुत्री पोरक्या पिल्लांना आपले दूध पाजून वाढवते, अशी उदाहरणे आढळतात. तेव्हा कापडी अस्वलाला कुशीत घेणारी कुत्री वेडी झालेली नसते आणि अपुऱ्या इच्छेने झुरतही नसते. तिचे शरीर आपले पंचांग पाळत असते. तिला रागावण्याचे, मारण्याचे किंवा तिची चेष्टा करण्याचे काहीच कारण नाही.

खरा गाभ की आभासी?

माजाच्या काळात कुत्री क्षणभर जरी नजरेआड झाली असेल, फाटक उघडे राहिले असेल, तर ‘संबंध आलाच नाही’ असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. म्हणून पहिली पायरी खात्री करून घेण्याची. स्त्रियांच्या गर्भचाचणीची जी पट्टी औषधांच्या दुकानात मिळते, तिचा येथे काही उपयोग नाही. ती पट्टी मानवी गर्भाशी संबंधित असलेले संप्रेरक शोधते आणि ते कुत्रीच्या शरीरात नसतेच. प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीनेही उलगडा होत नाही, कारण ते दोन्ही अवस्थांत वाढलेलेच असते. रिलॅक्सिन हे संप्रेरक मात्र वारेतून येते, म्हणून त्याच्या रक्ततपासणीने खरा गाभ ओळखता येतो. सोनोग्राफीत सुमारे २५ दिवसांनंतर गर्भ आणि त्याच्या हृदयाचे ठोके दिसतात. सुमारे ४५ दिवसांनंतर क्ष-किरण चित्रात पिल्लांचे सांगाडे दिसू लागतात. आभासी गर्भावस्थेची लक्षणे दिसेपर्यंत बहुधा इतके दिवस उलटलेले असतात. त्यामुळे एका तपासणीने बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

ही खात्री का आवश्यक आहे, याचे कारण पुढे औषधांच्या संदर्भात स्पष्ट होईल.

गफलत करू नये असा आजार

याच काळात, म्हणजे माजानंतर साधारण दोन ते बारा आठवड्यांत, कुत्रीला एक घातक आजार होऊ शकतो. त्याचे नाव पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू साठणे. प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड झालेले असते, त्याची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते आणि तेथे जंतूंना थारा मिळतो. या आजारातही कुत्री मलूल होते, खात नाही, पोट मोठे दिसते. ‘गेल्या वेळेसारखेच खोटे दिवस आहेत’ अशी समजूत करून घरातली माणसे थांबतात आणि तेवढ्यात वेळ निघून जाते.

तेव्हा पुढील खुणा प्रत्येकाने ध्यानात ठेवाव्यात. कुत्री नेहमीपेक्षा फार पाणी पिऊ लागली व वारंवार लघवी करू लागली, तिला उलट्या होऊ लागल्या, ताप आला, ती उठेनाशी झाली, योनिमार्गातून पू किंवा दुर्गंधी स्राव येऊ लागला, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. कधी कधी गर्भाशयाचे मुख बंद असते. तेव्हा स्राव मुळीच बाहेर येत नाही आणि तो प्रकार अधिकच धोक्याचा असतो. म्हणून स्राव नाही याचा अर्थ आजार नाही, असा घेऊ नये.

दुसरा धोका स्तनदाहाचा. आभासी गर्भावस्थेत स्तन भरलेले असतात, पण ते मऊ राहतात. एखादा स्तन लाल, गरम, कठीण आणि दुखरा झाला किंवा दुधाऐवजी पू अथवा रक्तमिश्रित द्रव येऊ लागला, तर उपचार हवेतच. दूध आटल्यानंतरही स्तनात गाठ राहिली, तर तीही तपासून घ्यावी.

घरी काय करावे, काय टाळावे

धोक्याच्या खुणा नसतील आणि गर्भ नसल्याची खात्री झाली असेल, तर बहुतेक कुत्र्यांना औषधाची गरज लागत नाही. दोन-तीन आठवड्यांत लक्षणे आपोआप ओसरतात. या काळातील मुख्य सूत्र एकच : दूध उत्पन्न होण्यास उत्तेजन मिळेल असे काहीही करू नये.

दूध साठून तिला ठणका लागत असेल, या कणवेने पुष्कळ लोक ते पिळून काढतात. परंतु स्तन रिकामा झाला की शरीराला वाटते, पिल्ले दूध पीत आहेत. आणि ते आणखी दूध तयार करते. गरम शेक दिल्याने, तेल लावून चोळल्यानेही हाच परिणाम होतो. स्तनांना हात न लावता दूध आटू द्यावे, हीच येथे खरी शुश्रूषा होय. कुत्री स्वतःच सड चाटत असेल तर तिचे लक्ष दुसरीकडे वेधावे. तेवढ्याने भागले नाही, तर पशुवैद्याकडे नरसाळ्यासारखी कॉलर मिळते, ती काही दिवस गळ्यात घालावी.

खाण्याच्या बाबतीत, तिला बाळंतीण समजून तूप, दूध आणि गोडधोड यांचा मारा करू नये. दूध वाढवणारी म्हणून दिली जाणारी चूर्णे तर मुळीच देऊ नयेत. नेहमीचा साधा आहार पुरेसा असतो. तो किंचित कमी करावा का, हे पशुवैद्याला विचारावे. पाणी मात्र कधीही तोडू नये. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. बाळंतिणीच्या लाडवांत पुष्कळदा मनुका किंवा बेदाणे असतात. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. प्रेमाने भरवलेला लाडू असा विष ठरू शकतो.

खेळणी किंवा मोजे पिल्लू समजून ती सांभाळत असेल, तर ते तिच्यासमोर हिसकावून घेऊ नयेत. एरवी गरीब असलेली कुत्रीही या दिवसांत चावू शकते, कारण तिच्या लेखी ती पिल्लांचे रक्षण करत असते. ती फिरायला बाहेर गेली असता घरातील दुसऱ्या कोणीतरी त्या वस्तू व ती गादी गुपचूप आवरून ठेवावी. लहान मुलांना तिच्या कोपऱ्यात जाऊ देऊ नये. सकाळ-संध्याकाळचे फिरणे थोडे वाढवावे, तिला खेळात गुंतवावे. तिच्याशी वागणे प्रेमाचे असावे, पण तिच्या विव्हळण्याला सतत कुरवाळून प्रतिसाद देऊ नये. घर शांत राहिले की कुत्रीही लवकर शांत होते.

औषधांविषयी

लक्षणे फार तीव्र असतील, आक्रमकपणा वाढला असेल किंवा दूध आटतच नसेल, तर पशुवैद्य औषध देतात. आज यासाठी मुख्यतः कॅबरगोलिन वापरले जाते. ते पीयूषिका ग्रंथीवर परिणाम करून प्रोलॅक्टिनचे प्रमाण खाली आणते. दिवसातून एकदा, काही दिवस ते द्यावे लागते. याच गटातील ब्रोमोक्रिप्टिन हे जुने औषधही उपयोगी आहे, पण त्याने उलट्यांचा त्रास अधिक होतो.

येथे दोन इशारे आवश्यक आहेत. पहिला असा की, गर्भाच्या उत्तरार्धात पीतपिंड टिकून राहण्यासाठी प्रोलॅक्टिनची गरज असते. त्यामुळे खऱ्या गाभण कुत्रीला हे औषध दिले तर गर्भपात होऊ शकतो. आधी खात्री करून घ्यावी असे वर म्हटले, ते यासाठी. दुसरा इशारा मात्रेचा. कॅबरगोलिन माणसांसाठीही वापरले जाते आणि त्याची अर्ध्या मिलिग्रॅमची, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅमची गोळी मिळते. कुत्रीसाठी नेहमीची मात्रा किलोमागे सुमारे ५ मायक्रोग्रॅम आहे. दहा किलोच्या कुत्रीला ५० मायक्रोग्रॅम लागत असताना ती गोळी सबंध दिली, तर मात्रा दहापट होते. म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून किंवा घरातील उरलेल्या गोळ्यांतून औषध देण्याचा मोह टाळावा.

उलटी थांबवण्यासाठी घरोघरी ठेवलेले मेटोक्लोप्रामाइड हे औषध प्रोलॅक्टिन वाढवते, हेही माहीत असावे. पूर्वी या अवस्थेत प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकांची इंजेक्शने किंवा गोळ्या देत. त्यांनी लक्षणे तात्पुरती दबतात. औषध बंद होताच ती पुन्हा उसळू शकतात आणि पायोमेट्राचा धोकाही वाढतो. म्हणून आता तो मार्ग योग्य मानला जात नाही.

‘एकदा पिल्ले होऊ द्या’

या सल्ल्याला शास्त्रीय आधार नाही. ज्या कुत्रीला आभासी गर्भावस्थेची लक्षणे एकदा दिसली, तिला ती पुढच्या माजानंतर पुन्हा दिसण्याचा संभव बराच असतो. एक वीण झाल्याने तिचे शरीर बदलत नाही. ज्या वेळी गर्भ राहील त्या वेळी अर्थातच लक्षणे खरी असतील. पण पुढच्या माजानंतर पंचांग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. उलट एका वेतात चार-सहा पिल्ले जन्माला येतात. त्यांना चांगली घरे मिळाली नाहीत, तर त्यांतली काही रस्त्यावर येतात. एका जिवाचे काल्पनिक दुःख दूर करण्यासाठी अनेक जिवांचे खरे दुःख निर्माण करणे, हा हिशेब दयेचा ठरत नाही.

शस्त्रक्रियेचा प्रश्न

वारंवार त्रास होणाऱ्या कुत्रीसाठी कायमचा उपाय म्हणजे अंडाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. मूळ कारण अंडाशयात असल्यामुळे केवळ गर्भाशय काढून हा प्रश्न सुटत नाही. निरोगी दिसणाऱ्या मुक्या जिवावर शस्त्र चालवावे का, असा संकोच अनेक धर्मपरायण कुटुंबांना वाटतो. तो संकोच आदरास पात्र आहे. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पण तो पूर्ण माहितीवर घ्यावा. शस्त्रक्रिया करणे हेही कर्म आहे आणि न करण्याचेही परिणाम आहेत. स्वीडनमध्ये कुत्र्यांवर अशी शस्त्रक्रिया करण्याची पद्धत फारशी नव्हती. तेथील विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, वयाच्या दहा वर्षांपर्यंत सुमारे एक चतुर्थांश माद्यांना पायोमेट्रा झाला. तो झाला की बहुधा हीच शस्त्रक्रिया आजारी, थकलेल्या शरीरावर, घाईने करावी लागते. दुसऱ्या बाजूला, शस्त्रक्रियेनंतर वजन वाढण्याची प्रवृत्ती दिसते, काही कुत्र्यांना पुढे लघवी न थांबण्याचा त्रास होतो आणि मोठ्या जातींमध्ये फार लहान वयात ती केल्यास सांध्यांवर परिणाम होऊ शकतो. वय, जात आणि प्रकृती पाहून पशुवैद्याशी सविस्तर बोलावे.

एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे : वेळ चुकवू नये. आभासी गर्भावस्था चालू असताना अंडाशय काढले, तर प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येते, प्रोलॅक्टिन उसळते आणि तीच लक्षणे महिनोन्‌महिने रेंगाळू शकतात. म्हणून दूध पूर्ण आटल्यावर, माजानंतर साधारण तीन-चार महिन्यांनी, शरीर विश्रांतीच्या अवस्थेत असताना शस्त्रक्रिया करणे हितावह होय. अर्थात, पायोमेट्रासारखी आणीबाणी असेल तेव्हा हा नियम लागू नाही.

रस्त्यावरील कुत्री

दारातल्या कुत्र्यांना रोज पोळी घालणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना आहे. घरातल्या कुत्रीला दूध आले तर आभासी गर्भावस्थेची शंका प्रथम घ्यावी. रस्त्यावरच्या कुत्रीला दूध आले तर तिची पिल्ले कोठेतरी आहेत, असेच प्रथम समजावे. जिन्याखाली, गटाराच्या नळात, बांधकामाच्या ढिगाऱ्यात ती लपवलेली असू शकतात. अशा कुत्रीला पिल्लांचा शोध न घेता निर्बीजीकरणासाठी उचलून नेले, तर डोळेही न उघडलेली पिल्ले उपाशी मरतील. रस्त्यावरील कुत्र्यांच्या निर्बीजीकरणासाठी केंद्र शासनाने २००१ मध्ये नियम केले होते. त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. हे काम करणाऱ्या पथकाला ‘या कुत्रीला पिल्ले आहेत’ असे वेळेवर सांगणारा गल्लीतला रहिवासी त्या पिल्लांचा प्राणदाता ठरतो.

याउलट, शस्त्रक्रिया करून गल्लीत परत सोडलेल्या कुत्रीला तीन-चार दिवसांनी दूध आलेले दिसले, तर ‘शस्त्रक्रिया फसली’ असा निष्कर्ष काढू नये. रस्त्यावरच्या कुत्रीचा माज केव्हा झाला, हे कोणाला ठाऊक नसते आणि संप्रेरकांच्या चढउतारामुळे असे घडू शकते. टाके कोरडे आहेत ना, ती खाते-पिते ना, एवढे पाहावे आणि संबंधित पशुवैद्याला कळवावे.

समारोप

मुका प्राणी आपली व्यथा शब्दांत सांगू शकत नाही. म्हणून माणूस आपल्याच भावना त्याच्यावर लादतो आणि आपल्याला हवासा वाटणारा उपाय त्याच्यावर करतो. आभासी गर्भावस्थेत कुत्रीला शेक नको असतो, लाडू नको असतो, बळेच दिलेले मातृत्वही नको असते. तिला हवे असते शांत घर, जागरूक डोळे आणि दोन-तीन आठवड्यांचा धीर. धोक्याची खूण दिसताच तत्परता आणि ती नसेल तेव्हा संयम, या दोन गोष्टी ज्या घरात आहेत, त्या घरातील मुका जीव सुरक्षित आहे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या कुत्रीच्या माजाची तारीख दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवावी. एवढ्या एका साध्या नोंदीमुळे पशुवैद्याचे निम्मे काम सोपे होते आणि वेळप्रसंगी एक जीव वाचतो.